ताम्रपटातल्या तिथीचा वार काढताना

खारेपाटणच्या रट्टराज शिलाहाराच्या ताम्रपटात शके ९३०, कीलक संवत्सर, ज्येष्ठ पौर्णिमा अशी मिती आहे. शेजारच्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी तो प्रथम छापला. अभ्यासकांनी या मितीची इंग्रजी तारीख २२ मे १००८ अशी काढली आहे. त्या दिवशी वार कोणता होता, ते 'कॅल' हा जुना युनिक्स प्रोग्राम क्षणात दाखवतो.

आधी टर्मिनल उघडा. मॅकवर कॅल असतोच. उबुंटूच्या नव्या आवृत्तीत तो नसेल, तर 'एनकॅल' नावाचं पॅकेज बसवा. आता सी, ए, एल ही तीन इंग्रजी अक्षरं लहान लिपीत टंकून एंटर दाबा. चालू महिना समोर येईल. आला, म्हणजे काम चालू आहे.

मग सन काढा. शकात ७८ मिळवायचे. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी १ जानेवारीनंतर पडत असेल तर ७९. आपला महिना ज्येष्ठ, म्हणून ९३० अधिक ७८, म्हणजे १००८. शकाचा आकडा तसाच दिलात तर कॅल मुकाट्याने इसवी सन ९३० चं कॅलेंडर दाखवील. चूक झाली हेसुद्धा कळणार नाही. शक त्याला ठाऊकच नाही.

आता कॅल, एक जागा सोडून ५, पुन्हा एक जागा सोडून १००८ असं टंका. आकडे इंग्रजीच हवेत. आधी महिना, मग सन, हा क्रम मोडू नका. महिना न देता नुसता ८ दिलात तर ऑगस्ट नव्हे, इसवी सन ८ मिळेल! वर्ष नेहमी पूर्ण लिहा, ७४ म्हणजे १९७४ नव्हे.

आठवडा रविवारपासून मांडलेला असेल तर उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात १, ८, १५, २२, २९ दिसतील. म्हणजे २२ तारखेला शनिवार.

इथे एक पडताळा करावाच. आजची ग्रेगोरियन पद्धत मागे ताणणारं एखादं अॅप याच तारखेला रविवार दाखवतं, कारण तेव्हाची तारीख ज्युलियन पद्धतीची आहे आणि दोन्हींत सहा दिवसांचा फरक पडतो. तुमचा कॅल सांधा कुठे बदलतो, ते पाहायला ९ आणि १७५२ द्या. सहसा २ सप्टेंबरच्या बुधवारला लागून १४ तारखेचा गुरुवार येतो, मधले ११ दिवस गायब. इंग्लंडने पद्धत बदलली ती तेव्हा. पोर्तुगालने १५८२ मध्येच बदलली होती. त्यामुळे १५८२ ते १७५२ या काळातला गोव्याकडचा पोर्तुगीज कागद हाती असेल, तर कॅलच्या या जुन्या पानावरून वार लावू नका.

पौर्णिमा खरी त्याच दिवशी होती का, हे मात्र पंचांगगणितानेच ताडायचं. कॅलला चंद्र दिसत नाही.