थोडक्या पैशांत लग्नकार्य

पाथरीच्या आसपासच्या खेड्यांत कापसाची वेचणी सरत आली म्हणजे सोयरिकीची बोलणी सुरू होतात, आणि चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात मांडव घातले जातात. या दोहोंमध्ये जे तीन-चार महिने जातात त्यांत कित्येक कुटुंबांचा त्या वर्षाचा, आणि काहींचा तर पुढील पाच वर्षांचाही, हिशेब ठरून जातो. यास्तव या पाठात लग्नाच्या खर्चाचा विचार करण्याचे योजिले आहे. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी तो वडील मंडळींसमक्ष, कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचावा.

शेतकरी लग्नापायी बुडतो, असे शहरातील लोक पुष्कळदा म्हणतात. हे म्हणणे जुने आहे व ते पूर्णपणे खरे नाही. १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले, तेव्हा सरकारने चौकशीसाठी एक मंडळ नेमिले. लग्नाच्या उधळपट्टीस लोक वाजवीपेक्षा अधिक दोष देतात. बी-बियाणे, बैल, धान्य आणि सारा यांसाठी वरचेवर काढलेल्या लहान लहान कर्जांनीच रयत अधिक बुडते, असे त्या मंडळाने आपल्या अहवालात लिहिले. हा निर्णय आम्हांस न्याय्य वाटतो. गरिबाने लेकीच्या लग्नात चार माणसे जेवविली म्हणून त्यास उधळ्या म्हणणे हे कठोरपणाचे आहे.

तथापि त्यावरून लग्नाचे कर्ज निरुपद्रवी ठरत नाही. लहान कर्जे थोडथोडी वाढतात. लग्नाचे कर्ज एका दिवसात, आधीच्या कर्जाच्या डोक्यावर येऊन बसते. परवान्यावाचून सावकारी करणे हा राज्याच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा असला तरी खेडोपाडी ती चालतेच. शेकडा तीन रुपये महिना या दराने एक लाख रुपये घेतले, तर महिन्यास तीन हजार, वर्षास छत्तीस हजार आणि दोन वर्षांत बहात्तर हजार रुपये केवळ व्याजाचे होतात. त्या दोन वर्षांत एक पाऊस चुकला म्हणजे मुद्दल तसेच राहते. २०१७ सालच्या एप्रिलात लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या एकवीस वर्षांच्या मुलीने विहिरीत उडी घेऊन प्राण दिला. नापिकीमुळे बापास आपले लग्न करून देता येत नाही व हुंड्याची चाल सुटत नाही, असे तिने लिहून ठेविले होते. ज्या घरात उपवर मुलगी आहे त्या घरात खर्चाची चिंता तिच्यासमोर कोणत्या शब्दांत बोलली जाते, इकडे आईबापांनी अवश्य लक्ष द्यावे. मुली सर्व ऐकत असतात.

हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हे आहेत. ‘आम्हांस काही नको, मुलीच्या अंगावर जे घालाल ते घाला’ हे बोलणे सौम्य वाटते, परंतु तेही मागणेच होय. बैठकीतच स्पष्ट विचारावे की सोने किती, भांडी कोणती, आणि ती कोणी मागितली.

आता साध्या लग्नाचा एक प्रसिद्ध दाखला पाहू. जोतीराव फुले यांनी १८७३ सालच्या सप्टेंबरात पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच वर्षी डिसेंबराच्या २५ तारखेस सीताराम जबाजी आल्हाट यांचा विवाह राधा हिजशी समाजाच्या नव्या पद्धतीने झाला. हुंडा नव्हता, भट नव्हता, आणि खर्च पानसुपारीपलीकडे फारसा गेला नाही. सावित्रीबाईंनी या कार्यात स्वतः पुढाकार घेतला होता. लोकांनी नावे ठेविली नसतील असे नाही. परंतु दुसरा विवाह पुढील मे महिन्यातच झाला. आमच्या मते या गोष्टीतील शिकण्यासारखा भाग हा की, ते कुटुंब एकटे नव्हते. एका घराने खर्च तोडला तर लोक त्यास कंजूष म्हणतात; दहा घरांनी मिळून तोडला तर तीच रीत होते. म्हणून गावातील किंवा मंडळीतील पाच-सात पालकांनी लग्नसराईपूर्वी एकत्र बसून काय देऊ नये हे ठरवावे.

अलीकडचा दाखला तर सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे. साथीच्या दिवसांत, २०२१ सालच्या एप्रिलात, लग्नास पंचवीसच माणसे आणि दोनच तास असा राज्यात हुकूम होता. अनेक घरांत त्या नियमाने लग्ने लागली. ती जोडपी आज इतरांप्रमाणेच संसार करीत आहेत, आणि त्यांच्या बापांपैकी कित्येकांवर लग्नाचे कर्ज नाही. साथ गेली, आणि बहुतेकांनी पुन्हा हजार पत्रिका छापिल्या!

पत्रिका छापण्यापूर्वीच खर्चाचा मुख्य निर्णय करावयाचा असतो, कारण मांडव, पाणी, अन्न, खुर्च्या हे सर्व माणसांच्या संख्येवर अवलंबून आहे. आधी घरात खरोखर असलेली रक्कम लिहावी. येणार असलेली नव्हे. नंतर त्या रकमेत किती पाने वाढता येतील ते काढावे, आणि शेवटी नावे लिहावीत. आपल्याकडे याच्या उलट करितात. दोनशे माणसांच्या वरण, भात, पोळी, एक भाजी व बुंदी अशा जेवणास सुमारे सोळा किलो तांदूळ, आठ किलो तूरडाळ, वीस-बावीस किलो कणीक आणि पंचवीस किलो भाजी पुरते. गव्हाची आणि डाळीची बेगमी घरची असेल तर रोख पैसा तेल, साखर व आचारी यांसच लागतो. चार प्रकारची मिष्टान्ने करून लोक ताटात टाकून उठतात, त्यापेक्षा एकच पदार्थ गरम व पोटभर वाढणे अधिक शोभते. मात्र अंदाज थोडा सढळ ठेवावा. काना गावी लग्न चालू असताच द्राक्षारस सरला, आणि यजमानाची लाज राहिली ती त्याच्या स्वतःच्या तजविजीने नव्हे. थर्माकोलच्या ताटांस राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पानांच्या पत्रावळी कोठे मिळतात याचा शोध आधीच घ्यावा.

दुसरी बचत तिथीची. वैशाखात मांडववाला, आचारी, वाजंत्री व गाड्या या सर्वांचे दर चढलेले असतात, आणि उन्हामुळे पाण्याचा टँकर, बर्फ व पंखे हा खर्च वेगळा. तेच कार्य मार्गशीर्षात किंवा माघात केले तर हे पुष्कळसे वाचते, झेंडूही त्या मानाने स्वस्त मिळतो, आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होत नाहीत. लग्न सकाळी लावावे, म्हणजे दिव्यांच्या रोषणाईचा प्रश्नच उरत नाही. ख्रिस्ती विवाहाच्या १८७२ च्या कायद्यातही सकाळी सहा ते सायंकाळी सात हीच साधारण वेळ सांगितली आहे.

टॉवेल-टोपीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पाहुण्यास टोपी घालावयाची, त्याने ती खिशात घालावयाची, आणि पुढच्या लग्नात दुसऱ्यास द्यावयाची, असा हा फेरा आहे. या टोप्या कोणी डोक्यावर ठेवीत नाही, पण शंभर-दीडशे जणांचा मानपान करताना रोख पैसा जातो व एखादा मामा राहून गेला तर रुसवा पदरी पडतो. हा आहेर दोन्ही पक्षांनी संमतीने बंद करावा, आणि ‘आहेर आणू नये’ असे न लिहिता ‘आम्ही आहेर करणार नाही’ असे पत्रिकेत लिहावे. मोठ्या ध्वनियंत्रांच्या गोंगाटाविषयी अधिक लिहीत नाही.

शोभा कशाने येते? आमच्या पाहण्यात जी लग्ने सुंदर म्हणून लक्षात राहिली त्यांत अंगण सारविलेले होते, आंब्याचे डहाळे ताजे होते, पिण्याचे पाणी थंड व झाकलेले होते, आणि लग्न ठरल्या वेळी लागले. वरात तीन तास उशिरा आली म्हणजे सजावट कितीही भारी असली तरी भुकेली मुले रडतात आणि लोक घड्याळे पाहतात. गाणारी मंडळी गावातलीच असतात; त्यांस आठ दिवस आधी तालमीस बसवावे.

शेतकरी व शेतमजूर यांच्या मुलींसाठी राज्य सरकारची शुभमंगल विवाह योजना आहे. सामूहिक सोहळ्यात अथवा नोंदणी पद्धतीने विवाह करणाऱ्या जोडप्यास पूर्वी दहा हजार रुपये मिळत. २०२३ साली ही रक्कम पंचवीस हजार करण्यात आली. चौकशी परभणी येथील जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीत करावी. वधू अठरा व वर एकवीस वर्षांचा पूर्ण असल्याचे दाखले, रहिवासाचा दाखला आणि सातबारा हे कागद लग्नाच्या निदान दोन महिने आधी जमवावेत, कारण मे महिन्यात शाळेतून जन्मतारखेचा उतारा मागावयास गेले तर कचेरीस कुलूप असते.