आधी प्रभार, मग सूत्र

नववी-दहावीच्या मुलांना आयनिक संयुगं शिकवताना जे हाती लागलं, ते नव्याने शिकवणाऱ्यांसाठी इथे मांडते.

1. संयुजा तिरक्या फिरवून खाली लिहायची युक्ती मुलांना चटकन येते आणि बहुतेकांचं शिकणं तिथेच थांबतं. त्यापेक्षा हिशेब बोलून करून घ्यावा. ॲल्युमिनिअमच्या आयनावर तीन धनप्रभार, ऑक्साइडवर दोन ऋण. दोन ॲल्युमिनिअमचे सहा, तीन ऑक्साइडचे सहा, बेरीज शून्य. मॅग्नेशिअम ऑक्साइडला युक्ती 2 आणि 2 देते. हिशेब करणारा मुलगा एकास एक लिहून मोकळा होतो.

2. 'सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो' असं सांगू नये. 2, 8, 1 मधला तो शेवटचा इलेक्ट्रॉन काढायलाही मोलमागे सुमारे 496 किलोज्यूल खर्चावे लागतात. क्लोरीनने तो स्वीकारला की सुमारे 349 परत मिळतात. इथवर निव्वळ तोटाच! मग मीठ तयार होतं कशामुळे? विरुद्ध प्रभारांचे हे आयन एकमेकांना ओढून स्फटिक रचतात, तेव्हा सुमारे 787 किलोज्यूल बाहेर पडतात. सगळा तोटा तिथे भरून निघतो. अष्टक पूर्ण होतं हे खरं, पण मीठ बनवतं ते हे आकर्षण. मला या धड्यातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं. परीक्षेत येत नसलं तरी वर्गात सांगावंच.

3. मिठात सुटा रेणू नसतो. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. सूत्र फक्त प्रमाण सांगतं. ही वीण सुटून मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात.

4. तुरटीचं सूत्र मुलांकडूनच काढून घ्यावं. आयन तीन प्रकारचे, त्यामुळे तिरकी युक्ती इथे चालतच नाही. पोटॅशिअमचा एक धनप्रभार, ॲल्युमिनिअमचे तीन, मिळून चार. सल्फेटवर दोन ऋण, म्हणून सल्फेट दोन. (स्फटिकातले पाण्याचे बारा रेणू या बेरजेत धरायचे नाहीत.) हे जमलेल्या मुलाला पुढे काहीही द्या.

5. धातू आणि अधातू भेटले की संयुग आयनिकच, असं ठामपणे शिकवू नका. निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइड नेहमीच्या वातावरणीय दाबाला सुमारे 180 अंशांवर न वितळताच संप्लवन पावतं आणि त्याच्या वाफेत चक्क रेणू असतात.