शिक्षा आणि शिक्षण

(वाचन : इफिस. ५:१५-१८)

तळ्याहून इंदापुराकडे रिक्षा हाकणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५ अन्वये चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो अपराधी होय. पहिल्या अपराधास ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवाना ३ महिने रोखला गेल्यास, उजळणीचे प्रशिक्षण यशस्वीपणे पुरे केल्यावाचून तो परत मिळत नाही. तोवर घरची चूल कशी पेटावी?

बोध : दंड भरून पश्चात्ताप पुरा होत नाही, चालणे नव्याने शिकावे लागते. मंडळीने अशा बंधूस दूर न लोटता वर्गास पोहोचवावे व त्याच्या लेकरांची विचारपूस करावी.

प्रश्न : आपल्या गावी असा बंधू कोण आहे?