भूजलाची नैसर्गिक प्रत कशी ठरवितात?

विहिरीचे पाणी नितळ दिसले व चवीला गोड लागले, म्हणजे ते निर्दोष असलेच पाहिजे, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो किती फसवा आहे, याचा प्रत्यय १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात आला. तेथील काही खेड्यांत मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडत, तर प्रौढांचे सांधे व पाठीचा कणा ताठरून ते पंगू होत. एच. ई. शॉर्ट व त्यांचे सहकारी यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्यातील फ्लुओराइड हे त्याचे कारण होते.

हे फ्लुओराइड कोणी पाण्यात मिसळलेले नव्हते. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायॉक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी बनते आणि खडकांच्या भेगांतून संथपणे वाहत असता खनिजांचे अंश विरघळवून घेते. ग्रॅनाइटासारख्या खडकांत फ्लुओराइट, ॲपेटाइट, कृष्णाभ्रक ही फ्लुओरीनयुक्त खनिजे आढळतात. पाण्यात कॅल्शियम विपुल असल्यास फ्लुओराइड फार वाढू शकत नाही. कारण त्या दोहोंचे संयुग पाण्यात अत्यल्प विरघळते. उलट, कॅल्शियम कमी व सोडियम आणि बायकार्बोनेट अधिक असल्यास ते वाढते. असे पाणी मृदू असते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते व साबणाला भरपूर फेस येतो, नेमके तेच अपायकारक असण्याचा संभव असतो. म्हणून जिभेऐवजी रासायनिक पृथक्करणावर विसंबावे लागते.

नमुना घेण्यापूर्वी विहिरीत साचून राहिलेले पाणी उपसून टाकतात. तापमान, आम्लता व विद्युत्‌संवाहकता यांचे मापन जागेवरच करतात. कारण बाहेर काढलेल्या पाण्यातून कार्बन डायॉक्साइड निसटला, की आम्लता बदलते. पुढे प्रयोगशाळेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट व फ्लुओराइड यांचे प्रमाण काढतात. पाण्यातील एकूण धनभार व एकूण ऋणभार समान असतात. हिशेबात त्यांमध्ये सुमारे ५ टक्क्यांहून अधिक तफावत पडल्यास पृथक्करण पुन्हा करणे इष्ट ठरते.

आता प्रश्न उरतो तो असा, की सापडलेले द्रव्य खडकातले की माणसाने मिसळलेले? येथे नायट्रेट उपयोगी पडते. ते अधिक आढळल्यास सांडपाणी, मलमूत्र किंवा खते पाण्यात उतरल्याचा संशय येतो. अशा विहिरी वगळून एकाच खडकातील अनेक विहिरींची तुलना केली, म्हणजे त्या प्रदेशाच्या नैसर्गिक पाण्याची प्रत कळते. ती एका आकड्याने नव्हे, तर किमान व कमाल मर्यादांनी सांगावी लागते.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हे. प्रदूषणाचा उगम बंद करता येतो. खडक बदलता येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत फ्लुओराइड चालते. ते उकळून जात नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नळगोंडा’ पद्धतीत तुरटी व चुना ढवळून ते साक्यात खाली बसवितात.

शेजारच्या दोन विहिरींचे पाणीही भिन्न असू शकते. यास्तव प्रत्येक विहिरीची परीक्षा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. कायमचे दात बालपणीच घडत असतात. तेव्हा पडलेला डाग पुढे विहीर बदलूनही जात नाही.