गुडघ्यांचे आरोग्य : सौम्य व्यायामाचे शास्त्र आणि सार्वजनिक आरोग्यनीती

वैद्यकीय जगात जयपूर हे नाव पायाशी जोडले गेले आहे. सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्र. क. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘जयपूर फूट’ विकसित केला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लाखो गरजूंपर्यंत पोहोचवला. याच संस्थेच्या सहकार्याने स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी अल्पखर्चाचा कृत्रिम गुडघाही तयार केला. या सर्व प्रयत्नांमागे एक साधे निरीक्षण होते. भारतीय माणूस उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, अनवाणी चालतो. त्यामुळे त्याच्या पायाकडून व गुडघ्याकडून होणारी अपेक्षा वेगळी असते.

जयपूरच्या तटबंदीबाहेरील बनी पार्क या निवासी वस्तीचा विचार केल्यास ही अपेक्षा स्पष्ट होते. रेल्वे स्थानक आणि सिंधी कॅम्प बसस्थानक येथून जवळच आहे. फलाटावरील पुलाच्या पायऱ्या, बसची उंच पायरी, मंदिरात जमिनीवर बसणे, भाजी आणण्यासाठी चालणे ही येथील ज्येष्ठ नागरिकाची नित्याची कामे होत. गुडघा दुखू लागला की यांतील एकेक काम सुटत जाते आणि माणूस घरात अडकतो. कृत्रिम अवयवांइतकेच लक्ष नैसर्गिक गुडघा टिकवण्याकडे देणे म्हणूनच आवश्यक ठरते.

समस्येची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगातील सुमारे ५२.८ कोटी लोकांना अस्थिसंधिवात (ऑस्टिओआर्थ्रायटिस) होता. १९९० च्या तुलनेत हे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के ५५ वर्षांवरील, तर ६० टक्के स्त्रिया आहेत. सर्वाधिक बाधित होणारा सांधा गुडघ्याचा असून अशा रुग्णांची संख्या सुमारे ३६.५ कोटी होती.

हा केवळ शहरी किंवा बैठ्या जीवनाचा आजार नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोपडा यांच्या नेतृत्वाखाली चार हजारांहून अधिक प्रौढांचे सर्वेक्षण सुरू झाले. त्यात सुमारे १८ टक्के लोकांना स्नायू व सांध्यांच्या वेदना असल्याचे आढळले. शेतातील वाकून आणि उकिडवे बसून करावयाची कामे, डोक्यावरील ओझी व पाणी भरणे यांचा भार ग्रामीण गुडघ्यांवर, विशेषतः स्त्रियांच्या गुडघ्यांवर पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. ती वाढत असल्याने हा प्रश्न अधिक व्यापक होत जाणार आहे.

गुडघ्याची रचना

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी मिळून गुडघ्याचा सांधा बनतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. दोन हाडांमध्ये अर्धचंद्राकृती गाद्या असतात आणि अस्थिबंध सांध्याला स्थैर्य देतात. प्रौढ व्यक्तीच्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा दाबला व सोडला गेला की भोवतीचा संधिद्रव कूर्चेत ये-जा करतो आणि त्यातूनच तिला पोषण मिळते. म्हणून पूर्ण विश्रांती हा गुडघेदुखीवरील उपाय नव्हे. बेताची हालचाल सांध्याला आवश्यकच असते.

दुसरा घटक स्नायूंचा. मांडीच्या पुढील भागातील क्वाड्रिसेप्स स्नायू पाऊल टाकताना बसणारा धक्का शोषून घेतात. दुखण्यामुळे माणूस हालचाल टाळतो, त्यामुळे हे स्नायू क्षीण होतात, सांध्यावरील ताण वाढतो आणि दुखणे बळावते. हे दुष्टचक्र तोडणे हाच व्यायामाचा हेतू होय.

तिसरा घटक वजनाचा. वजन जास्त असलेल्या रुग्णांवरील एका अभ्यासात शरीराचे वजन एक किलोने घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने घटतो, असे आढळले आहे.

सौम्य व्यायाम

पुढील व्यायामांना यंत्र किंवा व्यायामशाळा लागत नाही.

१. पाय पसरून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी. पाच सेकंद थांबून सैल सोडावे. असे दहा वेळा करावे.

२. उताणे झोपून एक पाय गुडघ्यात वाकवावा. दुसरा पाय सरळ ठेवून सुमारे वीतभर उचलावा, पाच सेकंद धरावा व सावकाश खाली आणावा.

३. उताणे झोपून टाच जमिनीवरून नितंबाकडे सरकवावी व पुन्हा पाय सरळ करावा.

४. खुर्चीवर बसून पाय हळूहळू सरळ करावा, क्षणभर थांबून खाली न्यावा.

५. भक्कम खुर्चीवरून हातांचा कमीत कमी आधार घेत उठावे व बसावे. दैनंदिन जीवनाशी सर्वांत निकटचा व्यायाम हाच आहे.

६. भिंतीला हात टेकून एक पाय मागे सरळ ठेवावा व पोटरी ताणली जाईल इतके पुढे झुकावे.

प्रारंभी किंचित दुखणे स्वाभाविक असते. परंतु वेदना तीव्र झाली किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली, तर आवर्तने कमी करावीत. सपाट रस्त्यावर चालणे हीदेखील या व्यायामांची चांगली जोड ठरते.

फोम रोलरचा उपयोग

फोम रोलर म्हणजे घट्ट फोमची लाटण्यासारखी मोठी नळी. शरीराचा काही भार तिच्यावर देऊन स्नायू सावकाश फिरवले जातात. मांडीचा पुढचा व मागचा भाग आणि पोटरी यांवर प्रत्येकी अर्धा ते एक मिनिट रोलर फिरवणे पुरेसे असते. ज्येष्ठांना जमिनीवर बसणे जमत नसल्यास खुर्चीवर बसून टॉवेल गुंडाळलेले लाटणे मांडीवर हलक्या हाताने फिरवता येते.

रोलरमुळे सांध्याची लवचिकता तात्पुरती वाढते आणि व्यायामानंतरचा ठणका काहीसा कमी होतो. मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-संकलनानुसार हे परिणाम एकंदरीत अल्पच असतात. झिजलेली कूर्चा रोलरने भरून येत नाही. व्यायामापूर्वीची तयारी एवढेच त्याचे स्थान आहे. रोलर थेट वाटीवर किंवा गुडघ्याच्या मागील खळग्यात कधीही फिरवू नये. शिरांमध्ये रक्ताची गुठळी, फुगलेल्या शिरा, हाडांची ठिसूळता अथवा रक्त पातळ करणारी औषधे असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना तो वापरू नये.

गुडघा लाल, गरम व सुजलेला असणे, ताप, सांधा अडकणे, पाय अचानक लचकणे किंवा पोटरीला सूज येणे ही लक्षणे आढळल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

व्यायामाचे पुरावे

२०१५ मधील कॉक्रेन आढाव्यात ५४ चाचण्यांचा विचार झाला. व्यायामाने वेदना घटतात, कार्यक्षमता वाढते आणि हा लाभ उपचारानंतर काही महिने टिकतो, असे त्यात दिसून आले. २०२४ च्या विस्तारित आढाव्याने हा लाभ पूर्वी वाटला त्यापेक्षा लहान असू शकतो, असे नोंदवले. व्यायामाला चमत्कार मानू नये. तथापि अल्प खर्च आणि अल्प धोका यांमुळे तो पहिल्या टप्प्याचा उपचार ठरतो.

धोरणात्मक बाजू

प्रगत अवस्थेत सांधेरोपण शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती निश्चित केल्या. सर्वाधिक वापरातील प्रकारासाठी ही मर्यादा कर वगळून ५४,७२० रुपये होती. आयुष्मान भारत योजनेतून २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना विमासंरक्षण लाभले.

मात्र शस्त्रक्रियेपूर्वीची दीर्घ वर्षे भौतिकोपचारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाची असतात. मुंबईतील हाजी अली येथे १९५५ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या क्षेत्रातील अग्रणी केंद्रीय संस्था आहे. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत भौतिकोपचाराची तरतूद आहे. राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायदा, २०२१ मुळे या व्यवसायाला वैधानिक चौकट मिळाली. शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून भागतो. पण टॉवेलची गुंडाळी कशी दाबावी हे शिकवणारी व्यक्ती गावात उपलब्ध असेलच असे नाही. आरोग्य मंदिरांतील सेविकांना हे मूलभूत व्यायाम शिकवल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघू शकेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. लोकसंख्येचे वृद्धत्व आणि असंसर्गजन्य आजार यांचा परस्परसंबंध गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताच्या आधारे स्पष्ट करा.

२. वैद्यकीय उपकरणांचे मूल्यनियंत्रण आणि प्रतिबंधात्मक सेवा यांपैकी सार्वजनिक खर्चात कोणास अग्रक्रम द्यावा? सकारण चर्चा करा.

३. ‘जयपूर फूट’च्या उदाहरणावरून स्थानिक जीवनपद्धतीला अनुरूप तंत्रज्ञानाचे महत्त्व विशद करा.