आधी परत बसवायचं बघा, मग सीट काढा

मोटारीची मागची सीट काढणं अजिबात अवघड नाही. बारा, चौदा आणि सतराचा पाना, एक रॅचेट, गुडघ्याखाली घ्यायला जुनी उशी आणि तासाभराची सवड असली की काम होतं. बसायची गादी काही गाड्यांत बोल्टने धरलेली असते, काहींत नुसत्या क्लिपांनी. पुढून उचलून झटका दिला की सुटते. पाठीचे बोल्ट कडेला आणि डिकीच्या बाजूला असतात. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. रिकाम्या जागेचं काय करायचं हे न ठरवता सीट काढली की गाडी ना धड टेम्पो, ना धड मोटार. माझी २००८ सालची आय-टेन काही वर्षं अशीच होती. त्या काळात जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे, कारण हल्ली कुणी कुत्र्यासाठी, कुणी गाडीत झोपून कोकण फिरण्यासाठी, तर कुणी प्रदर्शनाचं सामान नेण्यासाठी सीट काढायचा विचार करतं आणि मला विचारतं.

माझं कारण दुर्बीण. दहा इंची डॉब्सोनियन. तिची नळी सव्वा मीटर लांब, वजन पंधरा किलोच्या घरात, आणि खालचा लाकडी पाया वेगळाच. आय-टेनची डिकी सव्वादोनशे लिटरची. तिच्यात पायासुद्धा मावत नाही. मागच्या सीटची पाठ खाली पाडली तर नळी आडवी मावते, पण पाडलेली पाठ गादीवर विसावते आणि चांगलाच उतार तयार होतो. पुण्याहून वेल्ह्याकडे जाताना प्रत्येक वळणावर नळी सरकायची. मुलगी शिकायला बंगळूरला गेली होती, मागे बसणारं घरात कुणी उरलं नव्हतं. सीट काढून टाकू, खाली सपाट प्लाय मारू, असं ठरलं.

नाना पेठेत सुटे भाग मिळतात, भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे. पुण्यात अशा कामाला लागणारं सगळं सामान एका फेरीत गोळा होतं. मी प्लाय आणला आणि बसवायचं काम मोटारींची सजावट करणाऱ्या एका दुकानाला दिलं. त्यांनी संध्याकाळपर्यंत करून दिलं, दिसायलाही झकास. अठरा मिलिमीटरचा प्लाय, वर करडी मॅट, कडेला रेक्झिनची पट्टी. खाली काय केलंय ते मॅटमुळे दिसत नव्हतं.

ते दिसलं पेट्रोलचा पंप गेल्यावर.

बहुतेक पेट्रोल हॅचबॅकमध्ये टाकी मागच्या सीटखाली असते आणि पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला. तो थंड राहतो तोही त्या पेट्रोलमुळेच. (टाकी कायम तळाला ठेवून गाडी पळवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, ते यामुळे.) पंपापर्यंत पोहोचायचं तर गादी उचलायची, खाली पत्र्याचं एक झाकण असतं, ते काढलं की वायरचा प्लग आणि नळ्या समोर. मेकॅनिकला हे पाठ असतं. आमच्या मेकॅनिकने मागचं दार उघडलं, मॅटवर हात फिरवला आणि म्हणाला, “साहेब, झाकण कुठंय? इथं तर नुसतं सुतारकाम दिसतंय.”

मॅट सोल्यूशनने चिकटवलेली होती, ती फाडावी लागली. खाली प्लाय, आणि प्लायमधून सरळ गाडीच्या पत्र्यात मारलेले दीड इंची स्क्रू. हिशेब करा. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. त्यातले अठरा प्लायमध्ये गेले. उरलेले वीस मिलिमीटर पत्र्यातून खाली, आणि फरशीचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. मेकॅनिकने गाडी वर घेतली तेव्हा स्क्रूंची टोकं खालून रांगेने डोकावत होती. एक टोक पेट्रोलच्या नळीपासून बोटभर अंतरावर. ते बोटभर अंतर नशिबाने सुटलं होतं, मोजून सोडलेलं नव्हतं. शिवाय प्रत्येक छिद्राभोवती रंग उडून तांबूस कडं धरलं होतं, आणि अजून एक पावसाळाही झाला नव्हता.

तेव्हा पहिली गोष्ट: गाडीच्या फरशीत नवीन छिद्र पाडू नका आणि कुणाला पाडू देऊ नका. त्या पत्र्याखाली टाकी असते, ब्रेकची नळी असते, सायलेन्सर असतो. वर कार्पेटखालून वायरिंग जातं. काम करणारा माणूस चांगला सुतार असला तरी त्याला यातलं काही दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ती सपाट जमीन आहे. त्याला घरातला ओटा आणि मोटारीची फरशी यातला फरक तुम्ही उभं राहून सांगायला हवा.

मग फळी धरायची कशाला? सीट ज्या बोल्टांनी धरलेली होती त्यांनाच. ती जागा कंपनीनेच मजबूत केलेली असते, आत नट वेल्ड केलेला असतो. त्या बोल्टखाली लोखंडी एल-पट्टी द्या आणि पट्टीला प्लाय धरा. प्लायच्या खालच्या बाजूने टी-नट ठोकून घेतले की बोल्ट वरून सुटतो आणि फळी एकट्याने उचलता येते. पंपाच्या झाकणावर येणारा चौकोन वेगळा कापून त्याला बोट घालण्यापुरती खाच ठेवा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचा, तो गाडीत ठेवून बघायचा, मगच प्लायला करवत लावायची. चाकाच्या कमानीपाशी पुठ्ठा दोन-तीनदा वाया जातो, जाऊ द्या.

अठरा मिलिमीटरची गरज नाही. आठ बाय चारचा अठराचा अख्खा तुकडा पस्तीस किलोच्या आसपास भरतो. बाराचा त्याच्या दोन तृतीयांश. खाली आडव्या पट्ट्या दिल्या तर बारा पुष्कळ. मात्र प्लाय मरीनच घ्या, आयएस ७१० असा शिक्का बघून. साधा कमर्शियल प्लाय (आयएस ३०३, एमआर) घरातल्या कपाटाला ठीक, पण जुलैत भिजलेले बूट आणि छत्र्या ज्या गाडीत येतात तिथे त्याचे पापुद्रे सुटतात. कापलेल्या कडांना पॉलिश किंवा प्रायमर लावायला विसरू नका. पाणी शिरतं ते कडेतूनच.

मॅट चिकटवू नका, वेल्क्रोवर बसवा. सोल्यूशनचा वास बंद गाडीत आठवडे राहतो. आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत इतकी धग असते की स्वस्तातलं सोल्यूशन मऊ पडून कडा उचलल्या जातात. कडेची रेक्झिनची पट्टी तर पहिल्याच उन्हाळ्यात खाली लोंबत होती.

सीट काढल्यावर गाडी किती बोंबलते हे कुणी आधी सांगत नाही. सीटचा फोम हा गाडीतला सगळ्यात मोठा आवाज शोषणारा भाग असतो. तो गेला की मागच्या चाकांचा, खडीचा, सायलेन्सरचा आवाज कानाशी येतो. शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो. उघड्या पत्र्यावर ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट लावली की पुष्कळ फरक पडतो. पत्रा रॉकेलने नव्हे, स्पिरिटने पुसायचा, शीट लावून रोलरने घट्ट दाबायची. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर तुकडे लावले तरी थरथर थांबते. दुकानदार अख्खी गाडी मढवायला सांगेल, ऐकू नका. स्वस्तातली डांबराची शीट मात्र घेऊ नका, उन्हात वास मारते. शीटवर बंद पेशींचा फोम, त्यावर प्लाय. उघडा स्पंज घातलात तर तो पाणी धरून ठेवेल आणि खालचा पत्रा गंजेल.

पाण्यावरून आठवलं. सीट आणि बेल्ट काढल्यावर मोकळी राहिलेली बोल्टची छिद्रं. काहींचं दुसरं टोक थेट गाडीखाली उघडतं. चाकाने उडवलेलं पाणी तिथून वर येतं आणि तुम्हाला वाटतं दाराचं रबर गेलं. आमच्याकडे पावसाळ्यात कुबट वास यायला लागला, डिकीचं रबर बदललं, वास तसाच. शेवटी कळलं की दुकानाने काढलेले बोल्ट एका पिशवीत घालून दिले होते; छिद्रं उघडीच. काढलेला प्रत्येक बोल्ट ग्रीस लावून त्याच छिद्रात परत फिरवून ठेवा. छिद्र बंद होतं आणि बोल्ट हरवत नाही. बेल्टचे बोल्ट तर बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचे नसतात, आटे वेगळे असतात. हरवले की दुसरा कुठला तरी दाबून बसवायचा मोह होतो आणि नटाचे आटे जातात.

नव्या गाडीवाल्यांसाठी एक सूचना. सीटच्या कडेला किंवा खांबाजवळ पिवळ्या प्लगची वायर दिसली तर ती एअरबॅगची. तिला हात लावायचा नाही. ते काम सर्व्हिस सेंटरचं. बेल्टच्या सेन्सरचा प्लग काढलात तर डॅशबोर्डवर दिवा लागून राहील तो वेगळाच.

आता सामानाबद्दल, कारण यात लोक फार ढिले असतात. ताशी साठच्या वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण अठ्ठावीसपट जोर येतो. पंधरा किलोची माझी नळी त्या क्षणी सव्वाचारशे किलोच्या जोराने पुढे येणार, आणि पुढे माझी मान. मागची सीट, तिची पाठ हे सामान अडवतात. ती काढली की मध्ये काहीच नाही. म्हणून नळीला दोन ठिकाणी रॅचेटचा पट्टा, आणि पट्ट्याचे हूक प्लायला नाही, गाडीच्या बोल्टांना.

आणि माणसं? सपाट जागा बघितली की भाचेमंडळींना मांडी घालून बसावंसं वाटतं. आकाशदर्शनाहून परतताना एका नातेवाइकांनी मुलांना मागे बसवायचा आग्रह धरला, मी नाही म्हणालो, ते रुसले. रुसू द्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते चांगल्या, महागड्या गाडीत, मागच्या सीटवर, बेल्ट न लावता. इथे तर सीटही नाही.

कायद्याचं आता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीपत्रातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. आसनसंख्या हा त्यातलाच तपशील. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पाठ पाडून सामान नेणं हा बदल नाही, ती गाडीचीच सोय आहे. सीट कायमची काढून वर सुतारकाम करणं ही वेगळी गोष्ट. शिवाय पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने माल नेणं हा परवान्याचा गुन्हा. जागा झाली म्हणून शेजाऱ्याचे खोके पैसे घेऊन पोचवू नका. विमा कंपनीलाही लेखी कळवायला हवं. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी सर्व्हेअरच्या नजरेत आधी भरतो.

मला कायदा भेटला २०२३ मध्ये. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर पाच वर्षांसाठी नूतनीकरण, त्यासाठी गाडी आरटीओत दाखवायची. पाच आसनांची गाडी पाच आसनांसकटच दाखवावी लागणार. सीट माळ्यावर होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. खाली उतरवली तर गादीच्या पोटात उंदरांनी घर केलेलं, आणि प्लास्टिकच्या आत दमटपणा कोंडून कापडावर काळी बुरशी. फोम नवा भरून घ्यावा लागला, कव्हर नवं शिवावं लागलं. प्लायवर झालेल्या खर्चापेक्षा हा खर्च जास्त. सीट ठेवायचीच असेल तर जमिनीवर नाही, फळीवर उभी ठेवा, सुती चादरीत, डांबराच्या गोळ्या टाकून, आणि पावसाळा संपला की एकदा उन्हात काढा.

नूतनीकरणानंतर मी सीट परत काढली नाही. आता दुर्बीण न्यायची त्या दिवशी फक्त बसायची गादी उचलतो. ती नसली की पाठ बरीच खाली बसते, उरलेल्या उताराला एक लाकडी पट्टी, वर बाराची सुटी फळी, पट्टे. घरी आलो की गादी परत जागेवर. हे आधी सुचलं असतं तर बाकीच्यातलं बहुतेक काही लागलंच नसतं, आणि दुकानदाराने ते सुचवण्याचं काही कारण नव्हतं.

तुमची गाडी वॉरंटीत असेल तर कशालाच हात लावू नका. जुनी असेल तर पाना उचलण्याआधी टेप घ्या, पाठ पाडा आणि मोजा. मग गादी काढून मोजा. दहातल्या आठ जणांचं सामान तेवढ्यात मावतं.