सामानाची यादी चुकते कुठे? पीसीबी शिकवताना आलेला एक अनुभव



आपल्याकडे पावसाआधी आगोटीची यादी करतात. सुकं म्हावरं, कांदे, मीठ, सरपण. यादीत एखादी वस्तू राहिली तर श्रावणात कळतं, आणि तेव्हा बाजार लांब असतो. सर्किट बोर्डाचंही नेमकं असंच आहे. किकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती काढून झाली की ते आपल्याला सामानाची यादी काढून देतं. तिला बीओएम म्हणतात, म्हणजे बिल ऑफ मटेरियल्स. कोणता भाग, किती नग, कोणत्या मूल्याचा, कोणत्या आकाराचा, हे सगळं त्या यादीत. मुलांना वाटतं, संगणकाने काढली म्हणजे बरोबरच असणार. मलाही तसंच वाटलं होतं.

सरावलीच्या आमच्या मुलांनी पाण्याच्या टाकीचा इशारा देणारं सर्किट करायला घेतलं. साधंच होतं. तीन पातळ्या, प्रत्येक पातळीला एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक एलईडी, बेसला १० किलो-ओहमचा आणि एलईडीला १ किलो-ओहमचा रेझिस्टर, टाकी भरली की वाजणारा एक बझर, आणि ९ व्होल्टची बॅटरी. असे सहा बोर्ड. म्हणजे रेझिस्टर एकूण ३६. मुलांनी बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये धुऊन, भोकं पाडून तयार ठेवले. दिवाळीआधी जोडणी संपवायची होती, कारण एका मुलाचं घर दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला जाणार होतं. तोही जाणार होता.

मी शनिवारी डहाणू रोडहून लोकल पकडली, विरारला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरले. लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. छापलेली यादी दुकानदाराला दिली, त्याने पुड्या बांधल्या. घरी येऊन उघडल्या तर रेझिस्टर मोहरीच्या दाण्याएवढे! दोन मिलिमीटर लांबीचे, पाय नसलेले, बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटवायचे. आमच्या बोर्डावर मात्र दहा मिलिमीटर अंतरावर भोकं. दुकानदाराची चूक काहीच नव्हती. यादीत फुटप्रिंटच्या रकान्यात ०८०५ असंच लिहिलं होतं. मी मूल्य वाचलं, नग वाचले, तो रकाना वाचलाच नाही.

पण मुलाने तर फुटप्रिंट बदलला होता! मी स्वतः पाहिलं होतं. मग यादीत जुना कसा? सोमवारी दोघांनी मिळून शोधलं. पहिल्या वेळी काढलेली यादी एक्सेलमध्ये उघडीच होती. उघड्या फाइलवर विंडोज दुसरी फाइल लिहू देत नाही. सॉफ्टवेअरने तसा संदेश दिला, मुलाने तो न वाचता ‘ओके’ दाबलं, आणि छापली गेली ती जुनी यादी.

म्हणून आता माझी पहिली तपासणी अगदीच बाळबोध आहे: फाइलची तारीख आणि वेळ बघा. आकृती साडेतीनला साठवली आणि यादी दोन वाजताची असेल तर पुढचं काही शोधण्यात अर्थ नाही. आधी एक्सेल बंद करा, मग नवी यादी काढा. एक गंमत सांगते. आकृतीत केलेला बदल बोर्डाच्या फाइलमध्ये आपोआप जात नाही, तो ‘अपडेट’ करून न्यावा लागतो. किकॅडमध्ये आकृतीवरूनही यादी निघते आणि बोर्डावरूनही. दोन्ही काढून शेजारी ठेवल्या आणि जुळल्या नाहीत, तर एक शिळी आहे हे लगेच कळतं.

यानंतर भागांचे क्रमांक. प्रत्येक भागाला आर १, आर २, क्यू १ असं नाव लागतं. नवा भाग ठेवला की सुरुवातीला आर पुढे प्रश्नचिन्ह असू शकतं. अशी प्रश्नचिन्हं उरली तर यादी भरवशाची नाही. याच्या उलट भानगड कॉपी-पेस्टने होते: तयार भाग उचलून खाली चिकटवला तर दोन आर ३ होऊ शकतात, आणि नावावरून मोजणाऱ्या यादीतून एक गळतो. हजेरीपटावर एकाच क्रमांकाची दोन मुलं असली तर जो गोंधळ होईल तोच. उपाय सोपा, क्रमांक नव्याने द्यायचे आणि ‘ईआरसी’ म्हणजे विद्युत नियमांची तपासणी चालवायची. तिथे लाल खूण आली की मुलं घाबरतात. त्यांना सांगा, ही परीक्षा नाही.

मूल्य लिहिण्याची तऱ्हा हा तर वर्गातलाच विषय. आमच्या एका यादीत १० किलो-ओहमच्या रेझिस्टरच्या तीन ओळी आल्या. एकाने ‘के’ हे इंग्रजी अक्षर मोठं लिहिलं, दुसऱ्याने लहान, तिसऱ्याने मध्ये जागा सोडली. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी मूल्यं. नग चुकत नाहीत, पण ते तीन ठिकाणी विखुरतात आणि दुकानात एखादी ओळ वाचायची राहते. ‘एम’चं प्रकरण जास्त वाईट. मोठा एम म्हणजे मेगा, लहान एम म्हणजे मिली, मध्ये अब्जपटीचा फरक! मात्र मूल्य सारखं असूनही दोन ओळी दिसल्या तर लगेच एकत्र करू नका. कदाचित फुटप्रिंट वेगळे असतील, आणि मग दोन ओळीच बरोबर. आमच्या पुड्यांनी तेच शिकवलं.

एका मुलीने चिकूच्या वाडीसाठी मातीचा ओलावा दाखवणारं सर्किट काढलं, त्यात एलएम ३५८ होता. आठ पायांच्या त्या एका चिपमध्ये दोन ॲम्प्लिफायर असतात. आकृतीत ते दोन त्रिकोण वेगवेगळे दिसतात. तिने पहिल्याला यू १ ‘ए’ आणि दुसऱ्याला यू २ ‘ए’ नाव दिलं, म्हणून यादीत दोन चिप आल्या. यू १ ‘बी’ केल्यावर एकच राहिली. “बाई, म्हणजे एका घरातली दोन भावंडं!” असं ती म्हणाली. माझ्या व्याख्येपेक्षा हे बरं होतं.

यादी बरोबर निघूनही एक्सेल तिची वाट लावू शकतं. ०८०५ एकटं एका रकान्यात असेल तर पुढचं शून्य उडून ८०५ उरतं. ४-७ सारखा भाग क्रमांक तारीख बनतो. यात आपणच अडाणी असं समजू नका: मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी नावंच बदलून टाकली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. फाइलवर दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या डेटा विभागातून आत घ्या आणि ते रकाने ‘टेक्स्ट’ ठेवा. ओहम किंवा मायक्रोच्या चिन्हाऐवजी कचरा दिसला तर युटीएफ-८ निवडा. जुन्या फॉन्टमधलं मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर जे दिसायचं, तोच हा आजार.

आवृत्तीचाही प्रश्न येतो. किकॅड ७ पर्यंत यादी वेगळ्या स्क्रिप्टमधून काढावी लागे, आणि फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की ती कधी कधी अडायची. २०२४ च्या किकॅड ८ मध्ये ती सोय चिन्हांच्या तक्त्यातच आली. जुना व्हिडिओ बघून नव्या आवृत्तीत बटण शोधत बसू नका. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि १९९२ मध्ये ते सुरू करणारे जाँ-पियेर शारास फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे शिकवत होते, म्हणजे आपल्याच जातकुळीतले! आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने तयार केलेल्या ई-सिममध्येही आकृती काढायला किकॅडच वापरतात. त्यांच्या स्पोकन ट्युटोरियलमधले काही पाठ मराठीत आहेत, पालकांनाही समजतील.

शेवटी मी मुलांना कागद देते. आकृती छापायची, यादी हातात घ्यायची, आणि प्रत्येक भागावर पेन्सिलीने टिचकी. सहा बोर्ड असतील तर सहाने गुणायचं. यादीत न येणारे भाग, म्हणजे बॅटरीची क्लिप, वायर, स्क्रू, खाली हाताने लिहायचे. जाणीवपूर्वक ‘यादीतून वगळा’ अशी खूण केलेले भाग कोणते, तेही विचारायचं. बझरवर ती खूण चुकून राहिली होती, ते आम्हाला असंच सापडलं.

योग्य रेझिस्टर पुढच्या शनिवारी आणले. पाच बोर्ड वाजले. तोवर तो मुलगा भट्टीवर गेला होता. त्याचा बोर्ड, तीन ट्रान्झिस्टर आणि सहा रेझिस्टरची पुडी मी कपाटात ठेवली. पावसाच्या तोंडावर तो परत आला, आधी यादी मागितली, पेन्सिल काढली, आणि सगळं मोजूनच सोल्डरिंगला बसला.